विद्यार्थ्याची निवड आणि विद्यापीठाचा सल्ला : प्रस्तावना

विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, ते कोणत्या क्रमाने घ्यावेत, एका सत्रात किती भार उचलावा आणि त्या निवडीमुळे पुढची कोणती वाट मोकळी राहील व कोणती बंद होईल, याचा विचार संस्थेने नेमलेल्या अध्यापकाने त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने बसून करणे, यास शैक्षणिक सल्ला असे म्हणतात. या व्याख्येत तीन गोष्टी गृहीत आहेत आणि त्यांपैकी एकही गळाली तर जे उरते ते या नावाला पात्र ठरत नाही. सल्ला देणारा संस्थेने नेमलेला असावा लागतो, म्हणजे सल्ला हा त्याच्या कामाचा भाग असतो, त्याने केलेला उपकार नसतो. प्रवेशाचे, परीक्षेचे व पात्रतेचे नियम त्याला मुळातून ठाऊक असावे लागतात. आणि समोरचा विद्यार्थी कोण, तो कोणत्या घरातून येतो, मागच्या सत्रात त्याचे काय झाले, हेही त्याला माहीत असावे लागते. कार्यालयातील कारकून नियम जाणतो पण विद्यार्थ्याला ओळखत नाही, गावातला शिकलेला थोरला भाऊ विद्यार्थ्याला ओळखतो पण बदललेले नियम जाणत नाही, आणि दोन्ही जाणणारा एखादा सहृदय प्राध्यापक महाविद्यालयात असलाच तर त्याच्या कामाच्या हिशेबात या कामाला जागा नसते. मराठवाड्यातील सामान्य महाविद्यालयांत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची आजची अडचण या एका वाक्यात सांगता येण्याजोगी आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय तोच आहे.

शैक्षणिक सल्ल्याची गल्लत त्याच्या शेजारच्या कामांशी वारंवार होते, म्हणून त्याची सीमा आरंभीच आखून घेणे इष्ट ठरेल. मनावरचा ताण, नैराश्य, घरातील कलह यांत विद्यार्थ्याला आधार देणे हे समुपदेशकाचे काम असून त्यासाठी मानसशास्त्राचे वेगळे प्रशिक्षण लागते. नोकरीच्या संधींची माहिती देणे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणे हे मार्गदर्शन केंद्राचे काम होय. न समजलेला धडा पुन्हा समजावून देणे ही शिकवणी झाली. शैक्षणिक सल्लागार या तिन्ही दारांपर्यंत विद्यार्थ्याला नेऊन सोडू शकतो, किंबहुना योग्य वेळी नेऊन सोडणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र त्याचे स्वतःचे काम अभ्यासक्रमाच्या आत, विद्यार्थ्याने केलेल्या निवडींच्या साखळीशी निगडित असते.

सल्ल्याची गरज निवडीतून जन्मते, आणि जगातील विद्यापीठांचा इतिहास या विधानाला दुजोरा देतो. अमेरिकेतील हार्वर्ड येथे १८६९ मध्ये चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरीव अभ्यासक्रमाच्या जागी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. विद्यार्थ्यासमोर विषयांची मोठी यादी उघडली, तसा त्या यादीतून वाट काढून देणाऱ्या माणसाचा प्रश्नही उभा राहिला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने, स्थापनेनंतर वर्षभरातच, १८७७ मध्ये अध्यापकांवर सल्लागाराची जबाबदारी सोपवली, तर हार्वर्डने १८८९ मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे मंडळ नेमले. दोन्ही ठिकाणी निवड आणि सल्ला एकमेकांच्या मागोमाग आले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात क्रम वेगळा राहिला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ साली स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी होती. ती शिकवीत नसत, संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदवी देत असत, आणि अभ्यासक्रम सर्वांसाठी जवळपास एकच असे. विद्यार्थ्याने कला, वाणिज्य वा विज्ञान अशी एक शाखा आणि तिच्या आत विषयांचा एखादा गट निवडला की पुढची तीन वर्षे त्याच्यासाठी ठरून जात, त्यामुळे सल्लागार नसल्याची उणीव कोणाला जाणवली नाही. मराठवाड्यात ही परंपरा आणखी उशिरा आली. निजामाच्या राजवटीत या भागातील विद्यार्थ्याला विद्यापीठीय शिक्षण घ्यायचे तर १९१८ साली स्थापन झालेल्या व उर्दूतून शिकवणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० सालची, मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चे, आणि परभणी जिल्हा आज ज्याच्या कक्षेत येतो ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. या पहिल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना सल्ला मिळत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी आणि पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर यांनी घरात पहिल्यांदाच पुस्तक आलेल्या मुलांना जे दिले ते क्रमिक अध्यापनाच्या पलीकडचे होते, आणि मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासात त्याची नोंद कृतज्ञतेने झालेली आहे. तथापि तो सल्ला त्या व्यक्तींच्या मोठेपणातून आलेला होता, पदाच्या कर्तव्यातून नव्हे. व्यक्ती गेली की तोही गेला, आणि त्या शिक्षकापर्यंत न पोहोचलेल्या विद्यार्थ्याला त्याचा लाभ कधी झालाच नाही. भिडस्त विद्यार्थी अशा शिक्षकाच्या दाराशी सहसा जात नाही, आणि सल्ल्याची निकड बहुधा त्यालाच सर्वांत जास्त असते.

याच काळात परभणी शहरात मात्र एक वेगळी व्यवस्था रुजत होती, आणि तिचा विचार या विषयाच्या अभ्यासकांनी जेवढा करायला हवा तेवढा केलेला नाही. परभणीचे कृषी महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. पुढे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील महाराष्ट्राची चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या चार वर्षांत उभी राहिली आणि त्यांची घडण, १९६० साली सुरू झालेल्या पंतनगरच्या विद्यापीठाप्रमाणेच, अमेरिकेतील भूदान-विद्यापीठांच्या नमुन्यावर झाली. म्हणजे ज्या विद्यापीठांना १८६२ च्या एका कायद्याने शासकीय जमिनीच्या उत्पन्नातून निधी मिळाला आणि शेती व यंत्रविद्या शिकवण्याचे काम देण्यात आले, त्यांच्या नमुन्यावर. त्या नमुन्याबरोबर सत्रपद्धती आली, श्रेयांक आले, वर्षअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी सत्रभर चालणारे मूल्यमापन आले, आणि या सगळ्यांना जोडून सल्लागारही आला. लंडनच्या नमुन्यावरील संलग्न महाविद्यालयांत जे पद कधी निर्माणच झाले नाही, ते या विद्यापीठांत अभ्यासक्रमाच्या रचनेचे अंग म्हणून अस्तित्वात आले.

श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या भाराचे माप. कृषी विद्यापीठातील एखाद्या विषयापुढे २+१ असे लिहिलेले असते, तेव्हा आठवड्याला दोन तासांचे व्याख्यान आणि प्रात्यक्षिकाचे एक सत्र असा तीन श्रेयांकांचा तो विषय आहे, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक सत्राच्या आरंभी विद्यार्थी आपल्या नोंदणीपत्रकावर विषयांचे क्रमांक, नावे व श्रेयांक लिहितो, मागच्या सत्रात अनुत्तीर्ण झालेला विषय असेल तर तो पुन्हा नोंदवतो, आणि ते पत्रक घेऊन आपल्या सल्लागाराकडे जातो. सल्लागाराची सही झाल्यावाचून नोंदणी पूर्ण होत नाही. वरवर पाहता ही एक सही आहे, परंतु तिच्यामुळे वर्षातून किमान दोनदा प्रत्येक विद्यार्थी, हुशार असो वा मागे पडलेला, बोलका असो वा अबोल, एका ठरलेल्या अध्यापकासमोर स्वतःचे गुणपत्रक घेऊन उभा राहतो. ही भेट विद्यार्थ्याच्या धिटाईवर किंवा अध्यापकाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

पदव्युत्तर पातळीवर हीच कल्पना अधिक विस्ताराने अमलात येते. तेथे एका सल्लागाराऐवजी सल्लागार समिती असते. तिचा अध्यक्ष हा संशोधनाचा मार्गदर्शक असतो आणि सदस्यांत मुख्य विषयाबरोबर पूरक विषयांचे अध्यापकही घेतले जातात, जेणेकरून कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राचा कोणता विषय लागेल हे त्या विषयाचा जाणकारच सांगू शकेल. विद्यार्थ्याने कोणते विषय पूर्ण करायचे याची आखणी आणि त्याच्या संशोधनाचा आराखडा, दोन्ही या समितीच्या संमतीने ठरतात, आणि मौखिक परीक्षेपर्यंत ती त्याच्याबरोबर राहते. एका मार्गदर्शकाशी विद्यार्थ्याचे जुळले नाही किंवा मार्गदर्शकाची बदली झाली, तरी त्याचे काम जाणणारी आणखी माणसे संस्थेत असतात, हा समितीचा कमी बोलला जाणारा परंतु मोठा उपयोग आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कृषी पदवीचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्यांच्या शिफारशींनुसार देशभर बराचसा एकसारखा ठरलेला असतो, त्यामुळे पहिल्या सत्रांत विद्यार्थ्याला निवडीला फारसा वाव नसतो आणि सल्लागाराची सही घाईत उरकण्याचा धोका संभवतो. शेवटच्या वर्षी हे विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी खेड्यांत राहून ग्रामीण कार्यानुभव घेतात, आणि बियाणे उद्योग, बँक, स्पर्धा परीक्षा की पदव्युत्तर शिक्षण हा खरा प्रश्न त्यांच्यापुढे त्याच काळात उभा राहतो. म्हणजे सल्ल्याची निकड वाढते तेव्हाच विद्यार्थी महाविद्यालयापासून दूर असतो. तरीही साचा उभा आहे, आणि उभ्या साच्यात अर्थ भरणे हे नवा साचा घडवण्यापेक्षा सोपे असते.

परभणी तालुक्यातील पेडगाव हे गाव या ग्रंथात वारंवार येते, ते याच कारणाने. म्हणीमुळे आणि भीमाकाठच्या किल्ल्यामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेले पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले; येथे अभिप्रेत आहे ते परभणी शहरापर्यंत रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरावरचे, कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारीच्या पट्ट्यातले गाव. अशा गावातून निघणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एकाच शहरात दोन प्रकारचे उच्च शिक्षण असते. कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला तर पहिल्या सत्रापासून त्याच्या नावापुढे सल्लागाराचे नाव लागते. त्याच शहरातील कला, वाणिज्य वा विज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेतला तर असे नाव त्याला सहसा लाभत नाही. विशेष हे की गावातील शेतकऱ्याला मात्र सल्ल्याची सवय आहे. कोणते वाण, किती अंतरावर, कोणत्या पावसानंतर पेरावे, हे सांगण्यासाठी कृषी विद्यापीठ आपल्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरीप मेळावा भरवते, शास्त्रज्ञ बांधावर येतात, पत्रके निघतात. पेरणीचा निर्णय चुकला तर हंगाम जातो, हे सर्वांना मान्य आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी चुकलेला विषयाचा निर्णय त्याच घरातील मुलाची तीन-चार वर्षे घेऊन जाऊ शकतो, आणि त्या निर्णयासाठी मात्र त्याच्यापर्यंत कोणी येत नाही.

ठरीव अभ्यासक्रमाच्या काळात ही उणीव सोसण्यासारखी होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून सुरू झाली, तेव्हापासून परिस्थिती मुळातून बदलली आहे. आता विद्यार्थ्याला मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याला जोड देणारा दुसरा विषय, स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य व कौशल्यवृद्धीचे विषय, भाषाक्षमतेचे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण अशा अनेक रकान्यांतून आपली पदवी जुळवावी लागते. एका सत्राचा भार २० ते २२ श्रेयांकांचा असतो. व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ वर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ वर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ वर ऑनर्स पदवी, अशी चार थांब्यांची ही रचना आहे. मिळवलेले श्रेयांक २०२१ च्या नियमांनी स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावाने उघडलेल्या अंकीय खात्यात, जमा होतात व ठरावीक मुदतीपर्यंत ग्राह्य राहतात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हार्वर्डसारख्या ठिकाणी निवड आणि सल्ला एकत्र नांदत आले. येथे निवड शासन निर्णयाने आली आणि सल्ल्याचे पद कोठेच निर्माण झाले नाही. धोरणाच्या मूळ मजकुरात सर्व विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक स्वरूपाचे शैक्षणिक समुपदेशन उपलब्ध राहील असे स्पष्ट अभिवचन आहे, त्यामुळे ही मागणी धोरणाबाहेरची नाही. धोरणाने दिलेल्या शब्दाची ती आठवण आहे.

निवड वेळेवर न समजण्याची किंमत किती असते हे एका नियमावरून स्पष्ट होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण असावे लागतात, आणि त्याच वर्षीच्या पीएच.डी. नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण असणाऱ्याला पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट भाग घेण्याची मुभा दिली आहे. ही गोष्ट पहिल्या सत्रात कळली तर ती संधी असते. पाचव्या सत्रात कळली तर, पहिल्या दोन सत्रांतले कच्चे गुण पाठीशी असलेल्या विद्यार्थ्यासाठी, ती केवळ माहिती उरते. नव्या वातावरणात स्थिरावण्यातच पहिले वर्ष खर्ची पडणारा विद्यार्थी बहुतेक वेळा खेड्यातून आलेला असतो, आणि नियम त्याच्यासाठी वेगळे मोजमाप ठेवत नाही. परभणीच्या संशोधनसंस्थांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या पेडगावच्या एखाद्या विद्यार्थिनीला संशोधक होण्याची वाट पहिल्याच वर्षी आखता येते, हे तिला कोणीतरी पहिल्याच वर्षी सांगितले पाहिजे.

मधल्या थांब्यांबाबतही असेच आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, हे सहसा सगळ्यांना कळते. बाहेर पडताना कौशल्याचे किंवा प्रत्यक्ष कामाचे चार जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात, पुन्हा आत येण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि एकूण पदवी सात वर्षांत संपवावी लागते, हे फार थोड्यांना कळते. परभणी जिल्ह्याच्या काही भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. या काळात पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचा बहुतांश भाग येतो. दुसऱ्या वर्षाच्या आतबाहेर मुलीचे लग्न ठरणे ही या भागातील दुसरी नेहमीची घटना. या दोन्ही प्रसंगी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी कोणालाही न सांगता येणे थांबवते, महाविद्यालयाच्या नोंदीत ती गैरहजर ठरते, आणि जी खंडित वाट नियमानुसार पुन्हा जोडता आली असती ती कायमची तुटते. थांब्यांची रचना अशाच विद्यार्थ्यांच्या नावाने झाली. त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणारा माणूस नसेल तर ती गळतीला मिळालेले शासकीय प्रमाणपत्र एवढीच ठरेल, ही भीती येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मग आज हा सल्ला देते कोण, याचे उत्तर महाविद्यालयाबाहेर शोधावे लागते. प्रवेशाचा अर्ज आणि महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा ई-सेवा केंद्राचा चालक अनेकदा विषयांचे रकानेही भरून देतो, आणि त्याच्या दृष्टीने जो पर्याय यादीत वर असतो तोच विद्यार्थ्याचा पर्याय ठरतो. बरोबर एसटीने जाणारा मित्र जो विषय घेतो तोच घेतला जातो, कारण वह्या एकत्र वापरता येतात. ज्या विषयात परीक्षा सोपी जाते अशी ख्याती आहे तिकडे गर्दी होते. स्पर्धा परीक्षेची शिकवणी घेणारा सांगतो की कोणतीही पदवी चालते, आणि राज्यसेवेसाठी ते खरेही आहे. परंतु शिक्षक व्हायचे झाल्यास बी.एड.च्या वेळी पदवीतील विषयांना अध्यापनाच्या विषयांशी जुळावे लागते, हे त्याच्या सांगण्यात येत नाही. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही, आणि घरात पहिल्यांदाच कोणी पदवीच्या वर्गात बसत असेल तर एवढी मदतही मोठीच वाटते. शहरातील प्राध्यापकाच्या मुलाला जेवणाच्या ताटावर जे कळते ते या विद्यार्थ्याला असे तुकड्यातुकड्यांनी आणि अर्धवट कळते, आणि दोघांची गुणपत्रके मात्र एकाच मापाने वाचली जातात.

महाविद्यालयांत या कामासाठी काहीच नाही असेही नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, मूल्यांकनात मार्गदर्शक अध्यापक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारत आली आहे, त्यामुळे शिक्षक-पालक किंवा मेंटॉर-मेंटी या नावाने विद्यार्थ्यांचे गट पाडून अध्यापकांकडे सोपवण्याची प्रथा सर्वत्र पडली. अडचण ही की प्रमाण विचारले गेले, भेटीत काय बोलले गेले हे विचारले गेले नाही; परिणामी सह्यांच्या वह्या तयार झाल्या आणि त्यांतली संभाषणे बहुधा झालीच नाहीत. याला अध्यापकांचा आळस हे कारण देणे सोपे असले तरी ते खरे कारण नव्हे. प्राध्यापकांच्या अनेक जागा दीर्घकाळ रिक्त राहिल्याने महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे अध्यापन मोठ्या प्रमाणावर तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांच्या खांद्यावर आहे. त्यांना मानधन शिकवलेल्या तासिकेचे मिळते, विद्यार्थ्याबरोबर बसलेल्या वेळेचे मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी ते त्याच महाविद्यालयात असतील याचीही खात्री नसते. तीन-चार वर्षे टिकणारे नाते दर वर्षी नव्याने नेमल्या जाणाऱ्या माणसाकडून अपेक्षिणे हा त्याच्यावर आणि विद्यार्थ्यावर, दोघांवर अन्याय आहे. सल्ल्याचा वेळ कार्यभारात धरला जावा, ही या ग्रंथातील सर्वांत साधी व सर्वांत महत्त्वाची मागणी आहे आणि ती पैशाची मागणी आहे हे लपवण्याचे कारण नाही.

सल्ला कसा द्यावा, याचा शास्त्रीय विचार ज्या वर्षी परभणीचे विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९७२ साली अमेरिकेत दोन लेखांतून पुढे आला. बर्न्स क्रुकस्टन यांनी आदेशवजा सल्ला आणि विकासाला साहाय्य करणारा सल्ला असा भेद केला: पहिल्यात सल्लागार सांगतो व विद्यार्थी पाळतो, दुसऱ्यात दोघे मिळून विचार करतात आणि निर्णयाची जबाबदारी विद्यार्थी उचलतो, म्हणून सल्ला हाही अध्यापनाचाच एक प्रकार ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. टेरी ओबॅनियन यांनी सल्ल्याचा क्रम लावून दिला, तो आयुष्याची उद्दिष्टे, मग व्यवसायाची उद्दिष्टे, मग अभ्यासक्रम, मग विषय आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक असा आहे. आपल्याकडे प्रवेशाच्या खिडकीवर हा क्रम नेमका उलटा होतो. वेळापत्रकात जो विषय बसतो तो घेतला जातो आणि आयुष्याचा विचार पदवी हाती आल्यावर सुरू होतो. तथापि क्रुकस्टन यांचा दुसरा प्रकार येथे जसाच्या तसा उचलणे योग्य ठरणार नाही. ज्या विद्यार्थ्याला नियमच ठाऊक नाहीत त्याला केवळ तुझे तू ठरव असे म्हणणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय. त्याच्याबाबतीत पहिल्या एक-दोन भेटी सरळ, स्पष्ट माहितीच्या असाव्यात, आणि निर्णयाचे स्वातंत्र्य त्या माहितीच्या पायावर हळूहळू उभे राहावे. शिवाय मराठवाड्यातील खेड्यात निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा क्वचितच असतो. मुलीने चौथे वर्ष करावे की नाही हे वडील, काका किंवा थोरला भाऊ ठरवत असेल, तर सल्लागाराने त्या घराशी बोलण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि घराला जे सांगायचे ते विद्यार्थिनीच्या संमतीने, तिने विश्वासाने सांगितलेले न उघडता सांगितले पाहिजे. येथे अमेरिकी पाठ्यपुस्तके फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि या भागातील अनुभवी अध्यापिकांची समज अधिक मोलाची ठरते.

सल्ल्याच्या वेळेचा प्रश्नही दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. गावाकडून येणारा विद्यार्थी शेवटची तासिका संपताच गाडी पकडण्यासाठी निघतो, त्यामुळे दुपारी चारनंतर ठेवलेली भेटीची वेळ शहरातल्याच विद्यार्थ्यांना लाभते. नोंदणीच्या आठवड्यात, तासिकांच्या दरम्यान आणि सक्तीची अशी एक भेट, सत्राच्या मध्यावर अंतर्गत परीक्षेचे गुण हाती आल्यावर दुसरी, आणि निकालानंतर तिसरी, एवढी आखणी झाली तरी बरेच साध्य होईल. प्रत्येक भेटीची दोन-चार ओळींची नोंद विभागाकडे राहिली तर अध्यापक बदलला तरी विद्यार्थ्याला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणार नाही. काही कामे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवरही सोपवता येतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याला अध्यापक-सल्लागार असतोच, शिवाय मागे पडलेल्यांना हात देण्यासाठी विभागवार विद्यार्थी-मार्गदर्शकही निवडले जातात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर १९८९ मधील स्थापनेपासूनच अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक, म्हणजे शिकवण्याबरोबर सल्लाही देणारा अध्यापक, ही भूमिका स्वीकारली. वर्ग रोज भरत नसल्यामुळे तेथे सल्ल्याचे महत्त्व आधी ओळखले गेले.

प्रस्तुत ग्रंथाची व्याप्ती परभणी, हिंगोली, नांदेड व लातूर या चार जिल्ह्यांतील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांपुरती ठेवलेली असून कृषी विद्यापीठाच्या पद्धतीचा विचार तुलनेसाठी केलेला आहे. वैद्यकीय व औषधनिर्माण अभ्यासक्रम वगळले आहेत, कारण तेथे विषयांची निवड जवळपास नसते आणि त्या विद्यार्थ्यांच्या अडचणी वेगळ्या स्वरूपाच्या असतात. श्रेयांकांचे व बाहेर पडण्याचे नियम बदलत राहतात, म्हणून नियमांचे तक्ते मुख्य प्रकरणांत न देता प्रत्येक विद्यापीठाची परिपत्रके कशी वाचावीत यावर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. जून महिन्यात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी हाती येणाऱ्या नव्या अध्यापकाने वाचनाचा आरंभ त्या प्रकरणापासून केला तरी चालेल.